आजोबांच्या ट्रंकेतली सह्यांची पुस्तकं आणि प्रुफं: किंमत कशी काढायची आणि पावसाच्या आत काय करायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वेंगुर्ल्याकडचं जुनं घर, आजोबा हायस्कूलात मास्तर आणि बरीच वर्षं गावच्या वाचनालयाचे चिटणीस. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली तर आत लेखकांच्या सह्या असलेली चाळीसेक पुस्तकं निघाली, फडक्यात बांधलेल्या लांबलचक कागदाच्या पट्ट्या निघाल्या ज्या एकाच बाजूला छापल्यात आणि त्यावर लाल-निळ्या शाईच्या खुणा आहेत, शिवाय मुंबईला वर्तमानपत्रात असलेल्या काकांनी आणलेल्या दोन इंग्रजी कादंबऱ्या, ज्यांच्या कव्हरवरच 'अनकरेक्टेड प्रूफ, नॉट फॉर सेल' (म्हणजे दुरुस्तीआधीची तपासणीची प्रत, विकण्यासाठी नाही) छापलंय. मुंबईचा एक व्यापारी फोटो बघून सगळ्याचे मिळून उक्ते पैसे द्यायला तयार आहे, आणि घर पावसात बंद राहणार म्हणून निर्णय लवकर हवाय.

उक्तं देऊ नका. आपल्याकडे मोहोर बघून आंब्याची बाग उक्ती देतात, त्यात निदान घेणाऱ्यालाही अवकाळी पाऊस आणि तुडतुड्याची धास्ती असते. इथे धोका सगळा तुमच्याकडे, कारण ट्रंकेत काय आहे ते त्याला फोटोवरून कळलेलं असणार आणि तुम्हाला अजून कळलेलं नाही. पण लाखांचीही स्वप्नं बघू नका हां. चाळीस सह्यांपैकी बहुतेक प्रती काही शे रुपयांच्या वर जात नाहीत, खऱ्या किमतीच्या दोन-चारच निघतात. त्या दोन-चार कुठल्या हे पुस्तकाकडे बघून कळत नाही, ट्रंकेत त्यांच्या सोबत जो 'कचरा' पडलेला असतो त्यावरून कळतं.

म्हणून पहिलं काम, काहीही वेगळं करू नका. पुस्तकात खोचलेली पोस्टकार्डं, व्याख्यानाची निमंत्रणपत्रिका, वाचनालयाच्या खर्चाची पावती, 'अमुक तारखेच्या यष्टीने येतो' अशी चिठ्ठी, हे सगळं ज्या पानात आहे त्याच पानात राहू द्या आणि आहे तसा फोटो काढा. आपल्या घरांतून नेमकं हेच पहिलं जातं. पुस्तकं नीट कपाटात लावतात आणि "ह्या कागदांचा काय करूचा, बंबात घाला" म्हणून सुटे कागद पाणी तापवायला. नंतर सही खरी कशावरून म्हणून विचारलं की दाखवायला काही उरत नाही. तुमचे आजोबा वाचनालयाचे चिटणीस होते म्हणजे लेखकांना बोलावणं, उतरवून घेणं, जेवणाची सोय, आभाराचं पत्र हे सगळं त्यांच्याच हातून झालं असणार. एखाद्या लेखकाने 'सप्रेम भेट' म्हणून त्यांचं नाव, गाव आणि तारीख घालून पुस्तक दिलं असेल आणि त्याच तारखेची निमंत्रणपत्रिका ट्रंकेत असेल, तर ती जोडी धरून ठेवा. वेगवेगळी केलीत तर एक जुनं पुस्तक आणि एक जुना कागद, एवढंच.

आता सही-सहीतला फरक. इंग्रजी पुस्तकांचे संग्राहक बऱ्याचदा नुसती सही पसंत करतात, म्हणजे टायटल पेजवर लेखकाची सही आणि बाकी कुणाचं नाव नाही, कारण पुढे विकायला सोपं जातं. ते वाचून आपले लोक विचारतात की आजोबांचं नाव खोडलं तर भाव वाढेल का! अहो नका. मराठीत उलटं आहे असं माझं ठाम मत आहे. आपला बाजार छोटा, घेणारे मोजके आणि ते लेखकाला वाचून ओळखणारे, त्यांना नुसत्या सहीचं अप्रूप नसतं. जे लेखक आयुष्यभर कार्यक्रम करत गावोगाव फिरले त्यांच्या सह्या कोकणात घरोघर आहेत. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट तिघं मिळून काव्यवाचन करायचे, त्यातले विंदा देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, पाडगावकर तर तुमच्या वेंगुर्ल्याचेच. एकट्याची सुटी सही सापडणं काही विशेष नाही, पण तिघांच्या सह्या एकाच पानावर, खाली तारीख आणि गाव, असं निघालं तर मी ते वेगळं काढून ठेवीन. याच्या दुसऱ्या टोकाला जी. ए. कुलकर्णी, जे माणसांत मिसळायचेच नाहीत, त्यांची साधी सहीसुद्धा बघायला मिळत नाही. म्हणजे लेखक किती मोठा याहून तो किती वेळा आणि कुणासाठी पेन उघडायचा हे भावात जास्त मोजलं जातं.

चढत्या क्रमाने सांगायचं तर सगळ्यात खाली नुसती सही, मग नाव-तारीख घालून दिलेली प्रत, मग एका लेखकाने दुसऱ्या लेखकाला किंवा संपादकाला दिलेली, त्याच्यावर अर्पणपत्रिकेत ज्याचं नाव छापलंय त्या माणसाची स्वतःची प्रत, आणि सगळ्यात वर लेखकाची घरची प्रत, जिच्यात त्याने पुढच्या आवृत्तीसाठी समासात दुरुस्त्या केल्यात. ही शेवटची दिसायला सगळ्यात गचाळ असते, पानं दुमडलेली, पाठीचा पुठ्ठा सुटलेला, आणि म्हणूनच सगळ्यात आधी रद्दीत जाते.

तुमच्या भागासाठी एक मुद्दाम सांगतो. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याला शाळेत शिक्षक होते. तुमच्या ट्रंकेत त्या काळातली त्यांची 'शिरोडे' असं गाव आणि तारीख घालून दिलेली प्रत निघाली, तर ती नंतर कोल्हापुरात कुणा चाहत्याला दिलेल्या प्रतीपेक्षा कितीतरी वरची. एक मास्तर दुसऱ्या मास्तराला शेजारच्या गावात पुस्तक देतोय. पण त्यांच्याच बाबतीत सावधही राहा, उतारवयात त्यांची दृष्टी गेली होती आणि लिखाण सांगून लिहवून घ्यायचे, त्यामुळे शेवटच्या वर्षांतल्या पत्राचा मजकूर लेखनिकाच्या अक्षरातला असू शकतो. त्यात खोटं काही नाही, फक्त 'संपूर्ण हस्तलिखित पत्र' म्हणून विकू नका. आणि 'ययाति'च्या कव्हरवर ज्ञानपीठाचा उल्लेख आहे आणि आत खांडेकरांची ठसठशीत, ओळीत सरळ बसलेली सही आहे, असं कुणी दाखवलं तर मी आधी शंकाच घेईन. ज्ञानपीठ १९७४ चं, ते गेले सप्टेंबर १९७६ मध्ये, मधला काळ किती थोडा आणि डोळ्यांची अवस्था काय ते बघा.

तारखांचा हा खेळ खोट्या सह्या पकडायला सगळ्यात स्वस्त, याला भिंग पण लागत नाही. आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर १९७६ च्या एप्रिलमध्ये गेले. 'नक्षत्रांचे देणे'ला साहित्य अकादमी मिळालं १९७८ ला, म्हणजे मरणोत्तर. तर अकादमीचा उल्लेख छापलेल्या प्रतीवर त्यांची सही असूच शकत नाही, आणि तरी लोक दाखवतात. केशवसुतांची कविता पुस्तकरूपाने आली तीच १९०५ ला ते गेल्यानंतर, त्यामुळे 'मालगुंडच्या घरातलं केशवसुतांच्या सहीचं पुस्तक' असं कुणी म्हणालं तर चहा घ्या आणि उठा. साने गुरुजी पालगडचे, त्यांच्या नावावर पण कोकणात बरंच काही खपवतात. 'श्यामची आई' १९३५ ची, आणि प्रतीवर १९३६ ची तारीख घालून बॉलपेनने सही असेल तर विषय संपला, बॉलपेन बाजारात विकायला आलं तेच १९४० च्या दशकात, आपल्याकडे रुळायला पुढे आणखी वर्षं गेली. जेल पेन तर ऐंशीच्या दशकातलं.

पुस्तक पहिल्या आवृत्तीचं आहे का हे बघताना फक्त 'पहिली आवृत्ती' या दोन शब्दांवर विसंबू नका, कारण काही प्रकाशक पुनर्मुद्रणात जुनं पान तसंच ठेवून खाली बारीक अक्षरात एक ओळ वाढवायचे आणि ती ओळ नेमकी चिकटवलेल्या लेबलाखाली जाते. किंमत बघा. रुपये-आणे छापलं असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, 'न. पै.' असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. शके दिला असेल तर ७८ मिळवा, शके १८५६ म्हणजे १९३४, चैत्राआधीचे महिने असतील तर ३५. शुद्धलेखन बघा, 'कांहीं', 'नाहीं', 'असें' ही अनुस्वारांची रांग १९६२ च्या नियमांनंतर हळूहळू गेली, सो १९५५ ची पहिली आवृत्ती म्हणतायत आणि आत सगळं आजच्यासारखं स्वच्छ 'काही, नाही' असेल तर नंतर नव्याने जुळवून छापलेली प्रत आहे. मुद्रकाचं नाव आणि गाव छापणं १८६७ च्या कायद्याने बंधनकारक होतं, ते नावच गायब असेल तर पान बदललंय का बघा. आणि मुखपृष्ठाचं जॅकेट! चित्रकार दीनानाथ दलालांचं जॅकेट असलेली आणि नसलेली प्रत यात मोठा फरक पडतो, कोकणात जॅकेट सहसा टिकत नाही कारण वाचनालयवाले पहिल्या दिवशीच ते काढून वर खाकी कागद घालायचे. तुमच्या ट्रंकेत खाकी कव्हरं असतील तर घाईने फाडू नका, कधीकधी आत मूळ जॅकेट सुखरूप असतं.

सही हाताची की छापील, हे तपासायला दहापट भिंग पुरे, घड्याळवाल्याकडे मिळतं. छापलेल्या सहीत बऱ्याचदा बारीक ठिपके दिसतात, रबरी शिक्क्याची शाई कडेला साचते आणि मध्ये फिकी राहते. बॉलपेनची सही असेल तर खोली अंधारी करून टॉर्च पानाला जवळजवळ टेकवून आडवी धरा, दाबाची चर दिसते. फाउंटन पेनची शाई ताज्या कागदावर स्वच्छ बसते, पण जुन्या, ओल खाल्लेल्या कागदावर आज कुणी सही केली तर ती कडेला पिसासारखी फुटते, हे आपल्या दमट हवेतल्या पुस्तकांवर फार छान कळतं. दुकानदार नोटा तपासायला जांभळी टॉर्च ठेवतात ना, तीही उपयोगी, साधारण १९५० नंतरच्या कागदात उजळपणासाठी जी रसायनं घालायला लागले त्यामुळे तो त्या उजेडात निळसर चमकतो, तर १९४० च्या पुस्तकातलं सहीचं एकच पान चमकलं की ते बाहेरून आणून चिकटवलंय. पत्राच्या किंवा चेकच्या तळाची सही कापून पुस्तकात डकवलेली पण असते, ती सही खरी असते पण पुस्तकाशी तिचा संबंध नाही, आणि कुणीतरी त्यापायी एक पत्र कापलं.

नवीन पुस्तकांत तर 'साइन्ड एडिशन' म्हणून जे विकतात ते बहुतेक सुटी पानं लेखकाकडे पाठवून सह्या घेऊन मग बांधणीत घातलेली असतात. वाईट नाही, पण लेखकाने ते पुस्तक हातात धरलेलंच नसतं. आणि कधीकधी सहीसुद्धा त्याची नसते. २०२२ मध्ये बॉब डिलनच्या पुस्तकाच्या ९०० प्रती ५९९ डॉलरला 'हाताने सही केलेल्या' म्हणून विकल्या, लोकांनी एकमेकांच्या प्रतींचे फोटो ताडून बघितले तर सह्या मशीनच्या निघाल्या आणि प्रकाशकाला पैसे परत करावे लागले. दोन खऱ्या सह्या कधी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे शक्य असेल तेव्हा त्याच लेखकाची दुसरी सही शेजारी ठेवून बघा. जुळत नाही म्हणून घाबरू नका, अगदी जुळली तर मात्र घाबरा.

आता त्या पट्ट्या. तुम्ही प्रश्नात त्यांचा उल्लेख शेवटी ओझरता केलाय, पण मला विचाराल तर ट्रंकेत सगळ्यात आधी हात त्याला घालायला हवा. त्या गॅल्या आहेत, गॅली प्रुफं. खिळ्यांच्या छपाईत कंपोझिटर मजकूर जुळवून लांब तबकात लावायचा, त्यावर शाई फिरवून लांबट कागदावर एका बाजूने ठसा काढायचे, तो लेखकाकडे किंवा मुद्रितशोधकाकडे जायचा, दुरुस्त्या होऊन परत प्रेसमध्ये, मग पानं पाडून पेज प्रूफ, मग शेवटी 'छापावे' असा शेरा आणि सही. फर्मा छापून झाला की खिळे सोडून पुढच्या कामाला घ्यायचे आणि प्रुफं जायची रद्दीत, पुड्या बांधायला, बंबात. ती सांभाळून ठेवण्याचं कुणालाच कारण नव्हतं. म्हणून एखाद्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या शेकडो प्रती जिवंत असतात पण गॅलीचा संच बहुधा एकही नाही.

मराठीत परदेशासारखी अॅडव्हान्स प्रूफ छापून वाटायची पद्धत नव्हतीच, तेवढी चैन कुणाला परवडणार. आपल्याकडे होत्या त्या 'अभिप्रायार्थ' शिक्का मारलेल्या तयार प्रती, वर्तमानपत्रांना आणि मासिकांना जायच्या, परीक्षण नाही आलं तरी 'साभार पोच'मध्ये एक ओळ यायची. तो शिक्का बघून काही लोक भाव पाडतात, मी पाडत नाही, उलट ती प्रत पहिल्या गठ्ठ्यातली असते. पण खरी दुर्मीळ गोष्ट म्हणजे लेखकाच्या हाताच्या दुरुस्त्या असलेलं प्रूफ. सहीमध्ये लेखकाचं फक्त नाव असतं. प्रुफात त्याने एक वाक्य खोडून तिथे दुसरं का लिहिलं हे दिसतं, एखादा मालवणी शब्द काढून प्रमाण मराठी घातला की उलट केलं हे दिसतं, अख्खा परिच्छेद शेवटच्या घटकेला उडवलेला असतो जो आजपर्यंत कुणी वाचलेलाच नसतो.

तेव्हा आधी ओळखा की खुणा कुणाच्या आहेत. मुद्रितशोधकाच्या खुणा ठराविक असतात, वेलांटी, अनुस्वार, उलटा पडलेला खिळा, दोन शब्दांत जागा, शब्दाला शब्द नवा क्वचितच. लेखक मात्र प्रुफातही लिहायचं थांबत नाही, त्याच्या दुरुस्त्या समासातून वाहत मागच्या कोऱ्या बाजूला जातात (आणि कंपोझिटर शिव्या घालत असतो). तुमच्याकडे लाल आणि निळी अशा दोन शाया आहेत म्हणालात, म्हणजे दोन हात असण्याची शक्यता आहे, आणि त्यातला एक तुमच्या आजोबांचा असू शकतो. मास्तर लोक त्या काळी ओळखीच्या लेखकाची किंवा जवळच्या प्रेसची प्रुफं तपासून द्यायचे. आजोबांचं अक्षर तुम्ही ओळखता, ते आधी वेगळं काढा. मग मजकुरातली सलग तीन-चार वाक्यं छापील पुस्तकाशी ताडून बघा की हे नेमकं कुठलं पुस्तक. पुस्तक कधी आलंच नाही, असंही निघू शकतं. शाळेच्या स्मरणिकेची किंवा गावच्या देवस्थानच्या माहितीपुस्तकाची प्रुफं निघाली तरी नाराज होऊ नका, फक्त मग ती विकायची गोष्ट नाही.

गॅल्या घडी घालून बांधल्या असतील तर जोर लावून उलगडू नका. घडीवर कागद तुटतो. पावसाळ्यापूर्वीच्या दमट संध्याकाळी एक-एक पट्टी टेबलावर मोकळी ठेवून आपोआप सैल होऊ द्या, मग वरून काच किंवा स्वच्छ फळी. सेलोटेप अजिबात नको, पिवळा होऊन शाई खातो. लॅमिनेशन तर बिलकुल नको, कुणीतरी प्रेमाने केलेलं लॅमिनेशन हे मी बघितलेल्या नुकसानींमध्ये वाळवीच्या खालोखाल येतं.

इंग्रजी प्रुफांचं पटकन सांगतो कारण तिथे बोलण्यासारखं कमी आहे. प्रकाशक पुस्तक येण्याआधी काही महिने साध्या कव्हरात प्रती काढून परीक्षकांना, दुकानदारांना पाठवतात. पूर्वी त्या थोड्या निघायच्या, आता मोठ्या लेखकांच्या हजारोंनी निघतात आणि त्यांना भाव नसतो. भाव येतो तो तीन गोष्टी जुळल्या तर, लेखकाचं पहिलं-दुसरं पुस्तक असेल, तो पुढे फार मोठा झाला असेल, आणि प्रुफातला मजकूर किंवा छपाई नंतरच्यापेक्षा वेगळी असेल. नेहमीचं उदाहरण १९९७ चं, हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचं प्रूफ साधारण दोनशे प्रतींचं निघालं आणि टायटल पेजवर लेखिकेचं नाव चुकून 'जे. ए. रोलिंग' पडलंय. असं नशीब रोज नसतं. तुमच्या दोन कादंबऱ्यांची नावं आणि वर्ष बघा, लेखकाचं नाव आज कुणाला माहीत नसेल तर वाचायला ठेवा. 'नॉट फॉर सेल' छापलंय म्हणून पोलीस येत नाहीत, जुन्या बाजारात या प्रती उघड विकल्या जातात. फक्त पुस्तक अजून बाजारात यायचं असताना त्याचं प्रूफ विकणं मला पटत नाही, तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाहीच.

किंमत काढायची माझी रीत अशी आहे. आधी त्याच आवृत्तीची, तेवढ्याच बऱ्या स्थितीतली, सही नसलेली प्रत प्रत्यक्षात कितीला गेली ते शोधायचं. कितीला लावलीये ते नाही, कितीला गेली. ऑनलाइन लोक काहीही आकडे लावतात आणि ती पुस्तकं वर्षानुवर्षं तिथेच दिसतात. हा झाला पाया. त्यावर साधी सही असेल तर दुप्पट-तिप्पट पुष्कळ झाली, आज हयात आणि कार्यक्रमांना भेटणाऱ्या लेखकाची असेल तर तीही नाही, पुढच्या कार्यक्रमाला जाऊन फुकट मिळते. नाव-गाव-तारीख आणि सोबतचा कागद असेल तर मग किती पट ते सांगता येत नाही, तिथे घेणारा कोण यावर ठरतं, आणि म्हणून तिथे घाई करायची नाही. स्थितीसाठी मी निर्दयपणे कापतो. एखादं पान गेलं असेल तर निम्म्याहून खाली, वाचनालयाचे शिक्के असतील तर कमी, आणि हो, शिक्के असतील तर ते पुस्तक वाचनालयाने रीतसर काढून टाकलं होतं की चिटणीसांच्या घरी राहून गेलं, हे आधी बघा. आजोबांवर शंका नाही घेत, पण चिटणीसांच्या घरी पुस्तकं राहतातच. तशी असतील तर परत करा, विकायला काढू नका.

गॅल्यांची किंमत मी फोटोवरून सांगणार नाही आणि कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका.

पावसाचं बोलू, कारण तुमची खरी घाई तिथे आहे. बंद घरात, कौलाखाली, पत्र्याच्या ट्रंकेत चार महिने ठेवलंत तर आतला ओलावा आतच राहतो, पत्रा घाम धरतो आणि बुरशी. फाउंटन पेनची निळी शाई पाण्याने पळते, सही आधी जाते मग पुस्तक. ट्रंक घरातून हलवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. शहरातल्या फ्लॅटमध्ये, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात, पुस्तकं उभी आणि जरा सैल. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा पण त्या भिजल्या की तापवून सुकवायच्या असतात, एकदा ठेवून विसरलात तर उपयोग नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका. दसऱ्याच्या सुमारास पुस्तकांना ऊन दाखवायची आपली पद्धत चांगली, पण सहीचं पान उन्हात उघडं ठेवू नका, सावलीत वारं पुरतं. बुरशी असेल तर पूर्ण सुकल्यावर, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने. कसर लागली असेल तर पुस्तक पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे, बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस न उघडता ठेवायची, आणि फ्रीजर सुरमई-बांगड्याचा नको एवढं बघा. भिजलेल्या पुस्तकालाही हाच उपाय, दोन दिवसांत सुकवणं होत नसेल तर आधी गोठवा, निवांत वेळ मिळतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या पुस्तकांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. तळमजला आणि माळा, दोन्ही पुस्तकांना वाईट.

कायद्याच्या दोन गोष्टी. साहित्यिक मोल असलेलं हस्तलिखित किंवा कागदपत्र ७५ वर्षांहून जुनं असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे शिरोड्याच्या काळातली पत्रं वगैरे निघाली आणि परदेशातून कुणी विचारलं तर सरळ नाही म्हणा. दुसरं, पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लेखकाच्या वारसांचा, लेखक हयात असताना छापला गेला असेल तर तो गेल्यानंतर ६० वर्षांपर्यंत, आणि तेव्हा छापला गेला नसेल तर पहिल्यांदा छापल्यापासून ६० वर्षं. विका, दाखवा, पण अख्खं पत्र टाइप करून छापायला परवानगी लागते. फोटो टाकतानाही एवढं भान ठेवा.

विकायचं नसेल तर द्यायला जागा आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, तुम्हाला जवळ तेच. देताना यादी करून, त्यावर पोच घेऊन द्या आणि एक अट तोंडी नाही तर लेखी घाला की सहीच्या पानावर दाखलनोंदीचा शिक्का मारायचा नाही. सवयीने मारतात हो, नेमका सहीवर.

व्यापाऱ्याला सध्या एवढंच कळवा की यादी करतोय, सुटी पुस्तकं विकायची झाली तर पावसानंतर एकेका पुस्तकाचा भाव बोलू, गॅल्या आणि पत्रं विक्रीला नाहीत. तो लगेच रक्कम वाढवेल. वाढवली तर कशासाठी वाढवली ते विचारा, म्हणजे ट्रंकेतलं कुठलं पुस्तक त्याच्या डोळ्यात भरलंय ते कळेल. आणि मला गॅल्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या पट्टीचे फोटो पाठवा, मागच्या कोऱ्या बाजूसकट, सोबत आजोबांच्या अक्षराचा एखादा नमुना.